रायन: आयरिश आडनाव पाळण्यापर्यंत कसं पोहोचलं

न्यू जर्सीतल्या एका मराठी जोडप्याचा प्रश्न आहे. होणाऱ्या मुलाचं नाव ‘रायन’ ठेवायचं दोघांच्या मनात आहे. पुण्यातले आजोबा म्हणतात, ‘ते तर आडनाव. आपण कुणाचं नाव कुलकर्णी ठेवतो का?’ बाळांच्या नावांच्या एका संकेतस्थळावर अर्थ ‘छोटा राजा’ दिलाय, दुसऱ्यावर मूळ संस्कृत म्हटलंय, तिसऱ्यावर ‘स्वर्गाचं दार’. यातलं खरं काय, हे नाव लोकांना इतकं का आवडतं, आणि ठेवायचं झालंच तर काय काय तपासून घ्यावं, असं त्यांनी विचारलंय.

आजोबांची शंका रास्त आहे. रायन हे आयरिश आडनावच आहे. पण कुलकर्णी आणि रायन ही दोन वेगळ्या प्रकारची आडनावं आहेत, आणि सगळी गोष्ट त्या फरकात आहे. कुलकर्णी, देशमुख, पाटील ही वतनाची किंवा हुद्द्याची नावं. ‘कर’ लागलेली आडनावं गावाची. आयर्लंडचे माजी पंतप्रधान लिओ वरदकर यांचंच घ्या. वडिलांचं मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड, म्हणून वरदकर. जुनी गेलिक, म्हणजे मूळ आयरिश भाषेतली, आडनावं मात्र बहुतेक वेळा ना गावाची असतात ना हुद्द्याची. ती एका पूर्वजाच्या नावाची असतात. त्यामुळे अशा आडनावाचं पुन्हा पहिलं नाव झालं, तर ते फार परकं वाटत नाही. आत मुळात माणसाचं नावच असतं.

आयर्लंडमध्ये वंशपरंपरेने चालणारी आडनावं फार लवकर रुळली, दहाव्या-अकराव्या शतकात. युरोपातल्या बऱ्याच भागांत हे नंतर घडलं. सर्वात जुन्या नोंदींपैकी एक म्हणून इ. स. 916 मधली ओ क्लेरी घराण्याची नोंद सांगितली जाते. हे घराणं आजच्या गॉलवे परगण्याच्या दक्षिणेकडचं. त्याआधी माणसाची ओळख बापाच्या नावावरून व्हायची आणि दर पिढीला बदलायची. मग एखाद्या नावाजलेल्या पूर्वजाचं नाव कुळाला कायमचं चिकटू लागलं. ‘मॅक’ म्हणजे मुलगा. ‘ओ’ म्हणजे नातू, आणि पुढे व्यापक अर्थाने वंशज. 1014 मध्ये क्लॉनटार्फच्या लढाईत मारला गेलेला राजा ब्रायन बोरू याचे वंशज ते ओब्रायन. इंग्रजी लिखाणात ‘ओ’च्या पुढे दिसणारा वरचा स्वल्पविराम मूळ आयरिशमध्ये नाही, आणि ‘ओ’ हे इंग्रजी ‘ऑफ’चं छोटं रूपही नव्हे. स्त्रियांच्या आडनावांत ‘ओ’ येतच नाही. मुलीला ‘नी’ लागतं, लग्न झालेल्या बाईला ‘उई’. ओ रिअन घराण्यातली मुलगी आयरिश भाषेत नी रिअन होते. इंग्रजी कागदांत हा भेद पुसला गेला आणि सगळेच रायन झाले.

आता रायनकडे येऊ. या आडनावाखाली निदान दोन वेगळी घराणी एकत्र आली आहेत. मोठं घराणं टिपररी आणि लिमरिक या परगण्यांच्या सीमेवरचं. तिथल्या डोंगराळ मुलखाला ओनी म्हणतात. या घराण्याचं मूळ आडनाव रायन नव्हेच, ते होतं ओ मीलरिअन, म्हणजे ‘मील रिअन’ नावाच्या पूर्वजाचे वंशज. इंग्रजी कागदांत त्याचं मलरायन झालं, आणि सुरुवातीचा भाग गळून नुसतं रायन उरलं. यातला ‘मील’ हा शब्द जुन्या आयरिश नावांत फार येतो. त्याचा शब्दशः अर्थ मुंडन केलेला, म्हणून एखाद्या संताचा किंवा देवतेचा भक्त, सेवक. आपल्याकडच्या रामदास, शिवदास या नावांची घडण अशीच. मीलरिअन म्हणजे रिअनदास. हा रिअन संत होता, जुनी देवता होती की आणखी कोणी, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. दुसरं, लहान घराणं आग्नेयेकडच्या कार्लो परगण्यातलं, इड्रोन भागातलं. त्यांचं आडनाव थेट ओ रिअन. इंग्रजीत उतरताना दोन्ही घराण्यांचं स्पेलिंग एकच झालं आणि फरक बुजला. म्हणून ‘सगळे रायन एका कुळाचे’ असं कुणी सांगितलं तर ते मानू नका.

1890 सालच्या जन्मनोंदींवरून आयर्लंडमधल्या आडनावांची क्रमवारी लावली गेली होती. तीत मर्फी पहिलं, केली दुसरं, सलिव्हन तिसरं, आणि रायन आठवं. पण देशभर आठव्या क्रमांकाचं हे आडनाव टिपररीत इतकं दाट आहे की एकाच गावातले रायन ओळखू यावेत म्हणून प्रत्येक शाखेला आणखी एक उपनाव लागतं. त्याच भागातला सतराव्या शतकातला बंडखोर एमन ओ रिअन हा ‘डोंगरावरचा एमन’ म्हणून आजही आयरिश गाण्यांत आहे. जमीन गेल्यावर रानात राहून इंग्रजी सत्तेला त्रास देणाऱ्या माणसांपैकी तो एक. मुलाला पुढेमागे आपल्या नावाच्या एखाद्या खऱ्या माणसाची गोष्ट सांगायची असेल, तर ही सांगता येईल.

‘छोटा राजा’ या अर्थाचं काय? आयरिशमध्ये राजाला ‘री’ म्हणतात आणि ‘अन’ हा लघुत्वदर्शक प्रत्यय आहे. दोन्ही जोडून ‘छोटा राजा’ हा अर्थ तयार झाला आणि सगळीकडे पसरला. ‘री’ हा शब्द आपल्या ‘राजन्’चा आणि लॅटिन ‘रेक्स’चा सख्खा भाऊबंद आहे, हे पक्कं. तिन्ही शब्द एकाच आदिम भारोपीय मुळापासून आलेत. पण रिअन या नावात ‘री’ आहेच, हे सिद्ध झालेलं नाही. म्हणून संस्कृत मूळ हा दावा सरळ चुकीचा आहे. ‘छोटा राजा’ हा प्रचलित पण अनिश्चित अर्थ आहे. बारशाच्या पत्रिकेवर छापायचाच असेल तर ‘आयरिश परंपरेत राजाशी जोडलं जाणारं नाव’ इतकंच लिहा. ते खरं आहे आणि छापायला कमीपणाचंही नाही.

उच्चाराचाही एक बदल लक्षात घ्यायला हवा. आयरिशमध्ये या नावाचा उच्चार ‘रीअन’ असा होतो. इंग्रजी कारकुनांनी लिहिलेलं स्पेलिंग इंग्रजी सवयीने वाचलं गेलं आणि ‘रीअन’चं ‘रायन’ झालं. म्हणजे आज जगभर चालणारा उच्चार इंग्रजीने घडवलेला आहे. आयर्लंडमध्ये अलीकडे ‘रीअन’ हे जुनं रूप पहिलं नाव म्हणून जोरात परत आलंय, गेल्या काही वर्षांत ते मुलांच्या पहिल्या दहा नावांत असतं. तिथे ‘आय’ या अक्षरावर आघातचिन्ह देतात, म्हणजे ‘री’ दीर्घ वाचायचं. डब्लिनमध्ये तुम्ही बाळाचं नाव रायन सांगितलंत, तर ते कानाला थोडं अमेरिकन लागतं. रीअन सांगितलंत तर गेलिक लागतं.

आडनावातला ‘ओ’ गेला नसता, तर यातलं काहीच घडलं नसतं. ‘ओरायन’ हे कुणी पहिलं नाव म्हणून ठेवलं नसतं. हा ‘ओ’ कसा गेला? डब्लिनच्या आसपासचे चार परगणे इंग्रजांच्या पक्क्या ताब्यात होते. 1465 मध्ये तिथल्या आयरिश लोकांनी इंग्रजी आडनावं घ्यावीत असा कायदा झाला. गावाचं, रंगाचं, धंद्याचं किंवा हुद्द्याचं नाव घ्या, असा पर्याय दिला होता. त्याचा परिणाम त्या टापूपुरता राहिला. खरी पडझड सतराव्या-अठराव्या शतकात झाली. गेलिक सरदार हरले, जमिनी गेल्या, कोर्टकचेरी आणि चर्चच्या नोंदी इंग्रजीत होऊ लागल्या, आणि ‘ओ’, ‘मॅक’ लावणं म्हणजे हरलेल्या बाजूचा शिक्का लावून घेणं ठरलं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गेलिक पुनरुज्जीवनाची चळवळ उभी राहिली, तेव्हा बऱ्याच घराण्यांनी ‘ओ’ परत घेतला. ओसलिव्हन, ओकॉनर ही उदाहरणं. पण केली, मर्फी, क्विन, नोलन, रायन ही बहुतांशी उघडीच राहिली. आज पहिलं नाव म्हणून चालणाऱ्या आयरिश आडनावांची यादी काढून पाहा, यातलीच बरीच सापडतील. सत्तेने कापलेली नावं कापल्यामुळेच सुटसुटीत झाली आणि पाळण्यात बसली, हे मला या सगळ्या प्रकरणातलं सर्वात विलक्षण वाटतं.

आडनाव पहिलं नाव म्हणून ठेवण्याची रीत मात्र आयरिश नाही, इंग्रज आहे. सोळाव्या शतकातल्या खानदानी घरांत ती दिसते. नऊ दिवसांची राणी लेडी जेन ग्रे हिचा नवरा गिल्डफर्ड डडली. गिल्डफर्ड हे त्याच्या आईचं माहेरचं आडनाव. 1605 मध्ये विल्यम कॅम्डन या इतिहासकाराने नोंदवून ठेवलंय की आडनावं नाव म्हणून ठेवण्याची ही चाल इंग्लंडातच दिसते, बाकीच्या ख्रिस्ती देशांत नाही. हेतू सरळ होता. आईच्या माहेरचा वारसा, कधी जमीनजुमला, मुलाच्या नावात जपायचा. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत ही पद्धत घट्ट रुजली. मधलं नाव म्हणून तर ती सगळीकडे आहे. अध्यक्ष जॉन फिट्झजेरल्ड केनेडी यांचं मधलं नाव म्हणजे आई रोझ हिचं माहेरचं आडनाव.

खुद्द आयर्लंडमधल्या कॅथलिक घरांत असं होत नसे. थोरल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं नाव, दुसऱ्याला आईच्या वडिलांचं, थोरल्या मुलीला बहुधा आईच्या आईचं, अशी रीत होती. आपल्याकडे आजोबांचं नाव नातवाला ठेवतात, त्यासारखीच. त्यात बाप्तिस्म्याला संताचं नाव हवं, ही चर्चची अपेक्षा. 1917 च्या चर्च कायद्यात पाद्र्याने ख्रिस्ती नाव दिलं जाईल याची काळजी घ्यावी, आणि आईबाप ऐकत नसतील तर नोंदवहीत त्या नावाला संताचं नाव जोडावं, असं कलम होतं. 1983 च्या नव्या संहितेत ते सैल झालं. ख्रिस्ती भावनेला परकं वाटेल असं नाव नको, एवढंच आता सांगितलंय. म्हणून जुन्या पिढीतल्या बऱ्याच आयरिश-अमेरिकन लोकांच्या पूर्ण नावात आधी पॅट्रिक किंवा मायकेल सापडतं आणि मग रायन किंवा केली.

मग अमेरिकेत हे नाव इतकं चढलं कसं? 1845 ते 1852 च्या बटाट्याच्या दुष्काळात आयर्लंडमधली सुमारे दहा लाख माणसं मेली आणि त्याहून जास्त देश सोडून गेली. अमेरिकेत पोहोचलेल्या आयरिश माणसाचं पहिलं नावच त्याच्या आड येई. पॅट्रिकचं ‘पॅडी’ करून टिंगल व्हायची. घरकाम करणाऱ्या आयरिश बाईला, तिचं खरं नाव काहीही असो, ‘ब्रिजेट’ म्हटलं जायचं. पुढच्या दोन-तीन पिढ्यांनी मुलांना ही नावं देणं टाळलं. शतकभरानंतर परिस्थिती पालटली. नातवंडं वकील, डॉक्टर, आमदार झाली. 1960 मध्ये केनेडी निवडून आले आणि पहिल्यांदाच कॅथलिक माणूस राष्ट्राध्यक्ष झाला. आता आयरिशपण मिरवायचं होतं, पण ‘पॅडी’चा डाग नको होता. आडनाव यासाठी नेमकं सोयीचं पडलं. रायन म्हटलं की आयरिश हे कळतं, टिंगल मात्र चिकटलेली नाही. मला नावाच्या ओढीचं मुख्य कारण हेच वाटतं. बाकीची कारणं त्याच्यावर चढलेली.

त्यातलं एक कारण पडद्यावरचं. अभिनेता रायन ओनील 1964 ते 1969 चाललेल्या एका लोकप्रिय दूरचित्रवाणी मालिकेमुळे घराघरांत पोहोचला आणि 1970 च्या एका गाजलेल्या प्रेमपटाने त्याला मोठा नट केला. त्याच्याही पूर्ण नावात पॅट्रिक आहेच. त्या काळापर्यंत अमेरिकेत थोडक्या मुलांना मिळणारं हे नाव 1970 च्या दशकाच्या मध्याला पहिल्या वीसांत गेलं आणि 2000 नंतरची काही वर्षंही तिथेच राहिलं. इतकं टिकणारं नाव निव्वळ एका नटाच्या जोरावर टिकत नाही. दुसरं कारण ध्वनीचं. रा-यन असं दोन तुकड्यांत बोललं जाणारं, पहिल्यावर जोर, शेवटी ‘न’. अमेरिकन कानाला ही घडण फार भावली. 2010 च्या सुमारास तिथे जन्मणाऱ्या साधारण एक तृतीयांश मुलांची नावं ‘न’ने संपत होती. नोलन, ब्रेंडन, लोगन, एडन, मेसन ही सगळी त्याच चालीवरची. ब्रायन आणि केव्हिन ही जुनी आयरिश नावं आधीच रुळलेली होती, त्यांच्या शेजारी रायन आपसूक बसलं.

इतर आडनावांचं नशीब वेगवेगळं निघालं. केलीचं मूळ ओ केलिग, गॉलवे आणि रॉसकॉमन भागातल्या ई म्हानी राज्याचं राजघराणं. ते आधी मुलांना ठेवलं जाई. 1960 च्या दशकात मुलींकडे वळलं आणि मुलींच्या पहिल्या वीसांत जाऊन बसलं, मुलांचं जवळजवळ संपलं. अमेरिकेत हा नियमच दिसतो. एखादं नाव मुलींमध्ये वाढू लागलं की मुलग्यांचे पालक ते सोडतात, उलटं क्वचित होतं. रायली, क्विन यांचंही तेच झालं. क्विन म्हणजे ‘कॉन’ या पूर्वजाचे वंशज. हे नाव 2010 नंतर मुलींकडे झुकलं. रायन मात्र मुलींमध्ये थोडंफार असूनही मुख्यतः मुलांचंच राहिलं. केनेडी, रेगन ही राष्ट्राध्यक्षांची आडनावं आज तिथे मुलींची नावं आहेत. नोलन मुलांचं. बेसबॉलमधला विख्यात गोलंदाज नोलन रायन याच्या नावात तर पहिलं नाव आणि आडनाव दोन्ही आयरिश आडनावंच. कॅसिडी हे फर्माना परगण्यातल्या मग्वायर सरदारांच्या पिढीजात वैद्यांचं आडनाव, कीगन हे पिढीजात न्यायशास्त्र्यांचं. डेस्मंड वेगळ्या वाटेने आलं. दक्षिण मन्स्टर या प्रदेशाच्या नावावरून उपाधी, मग आडनाव, मग नाव. आपल्याकडे गोवा, वसई, वांद्रे इथल्या कॅथलिक घरांत डेस्मंड आणि रायन ही दोन्ही पहिली नावं म्हणून परिचयाची आहेत. म्हणजे आजोबांनी मुंबईत कुठेतरी एखादा रायन डिसोझा पाहिलेला असण्याची शक्यता बरीच आहे. आयर्लंडमधलं सर्वात मोठं आडनाव मर्फी. ते माणसांच्या पहिल्या नावात क्वचित येतं. इंग्रजी बोलीत मर्फी म्हणजे बटाटा, हेही त्यामागचं एक कारण असावं. आपल्याला मर्फी म्हटलं की रेडिओ आठवतो. तो 1929 मध्ये फ्रँक मर्फी यांनी इंग्लंडात सुरू केलेल्या कंपनीचा.

रायलीबद्दल एक सावधगिरी, कारण मुलगी झाली तर ते नाव तुमच्या यादीत येऊ शकतं. त्याला दोन मुळं आहेत. एक कॅव्हन परगण्यातलं आयरिश ओ रॅली घराणं. दुसरं निव्वळ इंग्रजी, ‘राय धान्याची मोकळी जागा’ अशा अर्थाच्या गावाच्या नावावरून. अमेरिकेत रुळलेलं साधं स्पेलिंग इंग्रजी गावाचंही असू शकतं. आयरिश म्हणून ठेवताय की नुसतं आवडतं म्हणून, हे आधी ठरवा.

आता ‘स्वर्गाचं दार’. हे वेगळंच नाव आहे, अरबी ‘रय्यान’. अर्थ भरपूर पाणी मिळालेला, टवटवीत. इस्लामी परंपरेत उपवास करणारे ज्या दारातून स्वर्गात जातात त्याचं नाव रय्यान. आयरिश रायनशी त्याचा काही संबंध नाही, फक्त इंग्रजी अक्षरं जवळजवळ तीच. तिसरं ‘रिआन’, दक्षिण आफ्रिकेतल्या आफ्रिकान्स भाषेत ‘एड्रिआन’चं छोटं रूप. चौथं ‘रिअन’, वेल्समध्ये मुलीचं नाव, अर्थ कुमारी. भारतीय संकेतस्थळांवर या चारही नावांचे अर्थ एकाच नोंदीत कालवलेले असतात आणि वर संस्कृतचा शिक्का मारलेला असतो. तिथला अर्थ घेण्याआधी त्या नोंदीत दिलेलं स्पेलिंग, भाषा आणि उच्चार एकमेकांशी जुळतात का ते बघा. तिन्ही जुळत नसतील तर ती नोंद सोडून द्या.

ठेवायचं असेल तर पहिला निर्णय स्पेलिंगचा. अमेरिकेत रूढ स्पेलिंग चार अक्षरांचं, मधे ‘वाय’. ते ठेवलंत तर शाळेत, दवाखान्यात कुणी चुकणार नाही. ‘आय’ घालून लिहिलंत तर अर्धे लोक ‘रायन’ वाचतात, अर्धे ‘रीअन’. चित्रपट दिग्दर्शक रिअन जॉन्सन यांच्या नावाचा उच्चार ‘रायन’ आहे आणि लोक सर्रास चुकतात. दोन ‘ए’ घातलेत तर ते आफ्रिकान्स नाव होतं आणि उच्चार ‘रिआन’कडे जातो. आधी ‘ए’ घेतलात तर अरबी नावाकडे. वेगळं दिसावं म्हणून अक्षर बदलायचा मोह होतो, पण त्याची किंमत मुलगा आयुष्यभर स्पेलिंग सांगत चुकवतो. आयरिश आघातचिन्हाचा आग्रह धरू नका. अमेरिकी पासपोर्टावर ते छापलं जात नाही, आणि एका कागदावर चिन्ह, दुसऱ्यावर नाही, अशी तफावत पुढे अडते.

दुसरं, मोठ्याने म्हणून पाहा. फोनवर नाव सांगताना ‘रायन’ हे ‘ब्रायन’ ऐकू येतं, हे नेहमीचं आहे. पहिल्या अक्षराआधी किंचित थांबून सांगायची सवय मुलाला लावावी लागेल. आडनाव ‘न’ने संपत असेल, म्हणजे महाजन, प्रधान, तर यमक जुळतं. काहींना ते गोड वाटतं, माझ्या मते हजेरीत ते पाठ केल्यासारखं येतं. रानडे, राणे, राजवाडे असेल तर दोन्हीकडे ‘रा’ येतो, ते मात्र छान वाजतं. मराठीत रायन चालण्याजोगं आहे, कारण राय म्हणजे राजा हा शब्द आपल्या कानात आहेच. आजी लाडाने ‘राया’ किंवा ‘रायबा’ म्हणेल. हे नावाचं मूळ नव्हे, निव्वळ योगायोग आहे, पण घरात नाव रुजायला त्याने मदत होते. याच कसोटीवर केली हे नाव मराठी घरात अडखळतं. ‘केली आली’, ‘केली गेली’ या वाक्यांत नाव कुठलं आणि क्रियापद कुठलं, याचा घोळ होतो. क्विन भारतात नेहमी ‘क्वीन’ ऐकलं जाईल.

आजोबांना जन्मनाव पत्रिकेप्रमाणे हवं असेल, तर ‘रा’ हे चित्रा नक्षत्राच्या तिसऱ्या चरणाचं अक्षर आणि ‘री’ चौथ्या चरणाचं, रास दोन्हींची तूळ. तसं जुळलं तर प्रश्नच नाही. नाही जुळलं तर पत्रिकेचं नाव वेगळं ठेवून आत्याने बारशाला ते कानात सांगावं, आणि व्यवहारात रायन चालवावं. हे आपल्याकडे पूर्वीपासून होतच आलंय.

तिसरं, कागदपत्रं. अमेरिकेत जन्मदाखल्याचा अर्ज हॉस्पिटलातच भरला जातो, त्यामुळे पहिलं, मधलं आणि शेवटचं नाव आधी ठरवून ठेवा. मधे वडिलांचं नाव लावायचं की पत्रिकेचं, हाही निर्णय तेव्हाच घ्या. नंतरच्या बदलाचे नियम राज्यागणिक वेगळे आहेत आणि कोर्टाचा आदेशही लागू शकतो. मुलाला ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना भारत सरकार देतं ते) काढाल तेव्हा नाव अमेरिकी पासपोर्टावर असेल तसंच जाईल, तिथे आजोबांच्या आवडीचं नाव घुसवता येत नाही. बाळंतपण भारतात झालं तर 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे नावाशिवाय नोंद करता येते. बारा महिन्यांच्या आत नाव विनाशुल्क घालता येतं, त्यानंतर विलंब शुल्क भरून, पंधरा वर्षांपर्यंत. महाराष्ट्रात दाखल्यावर देवनागरी आणि रोमन अशी दोन्ही रूपं येतात. देवनागरीत ‘रायन’ असंच लिहून घ्या. ‘रियान’ किंवा ‘रयान’ लिहिलं गेलं तर पुढे शाळेच्या दाखल्यापासून ते तसंच चालत राहतं, म्हणून दाखला हातात आला की खिडकी सोडण्याआधी वाचून पाहा.

आयरिश वंशाची माणसं या नावाबद्दल नाराज होतील का, असंही मनात येत असेल. सहसा होत नाहीत. फार तर ‘आईचं माहेर रायन का?’ असं विचारतील, कारण तिथली रीत तीच. नाही, आवडलं म्हणून ठेवलं, हे उत्तर पुरेसं आहे. फक्त ‘रायन घराण्याचं मानचिन्ह’ म्हणून विकली जाणारी ढालीची चित्रं घेऊन बारशाच्या पत्रिकेवर छापू नका. मानचिन्ह आडनावाला मिळत नाही, ते विशिष्ट व्यक्तीला आणि तिच्या वंशजांना दिलं जातं. आयर्लंडमध्ये हे काम 1943 पासून तिथल्या मुख्य मानचिन्ह अधिकाऱ्याचं कार्यालय पाहतं. टिपररीत राहणाऱ्या बहुसंख्य रायन लोकांनाही ती ढाल आपली म्हणण्याचा हक्क नाही.

पुढे भावंड झालं आणि त्यालाही आयरिश आडनाव ठेवायचं मनात आलं, तर एकाच चालीची दोन नावं घेऊ नका. रायन आणि नोलन, किंवा रायन आणि रायली, हाक मारताना सारखी एकमेकांत अडकतात. रायनसोबत अनय, ईरा, कबीर यांसारखं वेगळ्या स्वरावर संपणारं किंवा वेगळ्या अक्षराने सुरू होणारं भारतीय नाव ठेवलं, तर दोन्ही नावं स्वतंत्र ऐकू येतात. आणि दोघांत एकाचं नाव आयरिश, एकाचं मराठी, यावर आजोबाही बहुधा राजी होतील.